आमचे तीन गप्पी

रत्नागिरीत रात्रभर पाऊस. सकाळी उठून आधी माशांच्या टाकीपाशी गेलो, तर तिन्ही गप्पी पाण्याच्या वर तोंड काढून भकाभका करतायत. पाण्याची टेस्ट केली. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, झालं हिरवं: अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून नि उरलेल्या खाण्यातून होणारं विष, 1 पीपीएम (लिटरमागे 1 मिलिग्रॅम)! चूक माझीच. टाकी आणली त्याच दिवशी मासे सोडले. अमोनियाचं नायट्राइट, मग त्याचं कमी घातक नायट्रेट करणारे बॅक्टेरिया जमायला चार ते सहा आठवडे लागतात, पण एवढा धीर कुणाला!

विहिरीवरून दोन कळशा आणून तीसेक टक्के पाणी बदललं. आमच्या विहिरीच्या पाण्यात माशांना घातक क्लोरीन नाही, हे एक बरं. तेवढ्यात आई फिल्टरचा स्पंज घासायला निघाली. "किती बुळबुळीत झालाय रे!" कसाबसा तिच्या हातातून सोडवला. अगो, त्या बुळबुळीतच तर बॅक्टेरिया राहतात!

खाणं आता एक दिवसाआड, तेही चिमटीभर.

आई सुका बांगडा भाजत म्हणाली, "एवढ्याशा माशांचे एवढे लाड? कालवण तरी होईल का ह्यांचं?"

संध्याकाळी तिघंही खाली, पानांमागे फिरत होते. उद्या सकाळी परत नळी.