एका क्लासला तीन कन्स्ट्रक्टर, दूध डेअरीच्या पावतीवर आलेला माझा अनुभव

गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी जावा या प्रोग्रामिंग भाषेत पावतीचा छोटा प्रोग्राम लिहीत होतो, तेव्हा कन्स्ट्रक्टर ओव्हरलोडिंग, म्हणजे एकाच क्लासला वेगवेगळी माहिती घेणारे अनेक कन्स्ट्रक्टर देणं, मला खऱ्या अर्थाने कळलं. क्लास म्हणजे साचा, आणि कन्स्ट्रक्टर म्हणजे त्या साच्यातून नवीन ऑब्जेक्ट, इथे एक पावती, तयार होताना तिची माहिती भरणारा कोड. कॉलेजात पाठ केलेलंच होतं, नाव क्लासचंच ठेवायचं, पॅरामीटर (आत घ्यायच्या व्हॅल्यू) वेगळे द्यायचे, झालं.

पहिल्या कन्स्ट्रक्टरमध्ये सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आणि दर असं सगळं घेतलं होतं. मग केंद्राचे सेक्रेटरी म्हणाले, "अरे दर कशाला दरवेळी टाकायला लावतोस, दरपत्रक ठरलेलं असतं की." बरोबरच होतं त्यांचं. म्हणून दर न घेणारा दुसरा केला, पहिला कॉपी पेस्ट करून दराची ओळ काढून टाकली आणि दरपत्रकातून दर काढायचं राहूनच गेलं. कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम, काहीच बोलला नाही, कारण डबल फील्डला (ऑब्जेक्टमधली दशांश आकडा ठेवायची जागा) काही दिलं नाही तर जावा तिथे ०.० ठेवून मोकळं होतं. संध्याकाळी एका काकूंच्या हातात पावती पडली, १२ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.५ आणि रक्कम ०.००. काकू नुसत्या पावतीकडे बघत उभ्या राहिल्या, ते अजून डोळ्यासमोर आहे.

त्या रात्री सगळं मोडून परत लिहिलं. फील्ड भरायचं काम एकट्या मोठ्या कन्स्ट्रक्टरकडे ठेवलं, बाकीच्यांनी 'धिस' लिहून कंसात व्हॅल्यू देऊन त्यालाच हाक मारायची. इथे एकदा अडलो, त्या कंसात दर काढणारी साधी मेथड (काम करून देणारा कोडचा तुकडा) चालत नाही, ऑब्जेक्ट अजून तयारच झालेलं नसतं ना, मेथड स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्टशिवाय चालणारी, केली तेव्हा चाललं. शिवाय फील्ड सगळी फायनल, म्हणजे एकदाच आणि नक्की भरावी लागणारी, केली, आता एखादं भरायचं राहिलं तर कंपायलरच अडवतो, आणि हे आधीच केलं असतं तर ती शून्याची पावती छापलीच गेली नसती.

तिसऱ्याला खरी गंमत झाली. शेजारच्या गावच्या केंद्रात एसएनएफचं मशीन नाही, तिथे लॅक्टोमीटर (दुधाची घनता बघायचं साधन) लावून सीएलआर, म्हणजे त्याचं तापमानानुसार दुरुस्त केलेलं रीडिंग, बघतात आणि त्यावरून एसएनएफ काढतात, सीएलआरला चारने भागायचं, त्यात फॅटचा ठराविक हिस्सा आणि एक ठरलेला आकडा मिळवायचा. म्हटलं अजून एक कन्स्ट्रक्टर, त्यात काय. पण एकात नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ आणि दुसऱ्यात नंबर, लिटर, फॅट, सीएलआर, म्हणजे दोन्हीकडे एक इंट (पूर्णांक) आणि तीन डबल! जावा पॅरामीटरची नावं बघत नाही, फक्त टाइप, संख्या आणि क्रम बघतं, त्यामुळे हा कन्स्ट्रक्टर आधीच आहे म्हणून एरर. इंटची जागा हलवून क्रम बदलून बघायचा मोह झाला होता, पण बाकी सगळेच डबल असल्यावर कोणीतरी एक दिवस २८ सीएलआर एसएनएफच्या जागी देणार आणि कंपायलर ते खुशाल चालवून घेणार, याची मला फार धास्ती वाटली.

शेवटी कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट, म्हणजे क्लासच्या बाहेरून वापरता न येणारे, करून टाकले आणि बाहेरच्यांसाठी दोन स्टॅटिक मेथड ठेवल्या, एकीचं नाव एसएनएफवरून आणि दुसरीचं सीएलआरवरून. दोन्ही शेवटी त्याच मोठ्या कन्स्ट्रक्टरकडे जातात, आणि तिथेच एसएनएफ १५ च्या वर आलं तर एरर फेकायची ओळ टाकलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत पहिल्याच त्या काकू होत्या, त्यांची पावती मी स्वतः तपासून दिली.