आमची वाटचाल : जुन्या करवतीच्या पात्यावर उभी राहिलेली कार्यशाळा

अमरावतीत तिरंदाजीचा सराव करणारी मुले पुष्कळ असल्याने, फर्निचरची कामे करत असतानाच आमच्याकडे बांबूची धनुष्ये दुरुस्तीला येऊ लागली, आणि हळूहळू धनुष्य घडवणे हाच आमचा मुख्य व्यवसाय झाला. राष्ट्रीय स्पर्धांतील इंडियन राउंड या प्रकारात ३० आणि ५० मीटरवर साध्या लाकडी वा बांबूच्या धनुष्याने नेम साधावा लागतो. त्यामुळे या धनुष्याला आजही मागणी आहे.

आम्ही धामणीचे लाकूड आणि भरीव मानवेल बांबू वापरतो. बांबूच्या सालीकडच्या बाजूला तंतू सर्वांत दाट असतात आणि धनुष्य ओढल्यावर ताण तिथेच येतो, म्हणून त्या पाठीला हत्यार लावायचे नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. जे काही कमी करायचे ते आतल्या बाजूने, म्हणजे धनुष्याच्या पोटाकडून. वाकस (लाकूड तासायचे हत्यार) आणि रंधा यांनी काठीला आकार येतो खरा, पण शेवटच्या टप्प्यात ही हत्यारे उपयोगाची राहत नाहीत. काठीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. सोळा मिलिमीटर जाडीच्या काठीवरून सर्वत्र मिलिमीटरचा दहावा भाग जरी निघाला, तरी ताठपणा सुमारे दोन टक्क्यांनी घटतो. रंध्याचा एक जाड छिलका काठीच्या एकाच जागी निघाला, तर तिथेच ती जास्त वाकू लागते. शिवाय धामणीचे तंतू जिथे उलटे वळतात तिथे रंधा लाकूड उचकटतो, आणि कानशीचे दात भुशाने भरून जातात.

म्हणून शेवटी लाकूड अगदी पातळ थरात खरवडून काढावे लागते, पण बाजारात या खरवडण्यासाठी तयार हत्यार सहज मिळत नव्हते. आमच्या ज्येष्ठ सुतारकाकांनी सुरुवातीला फुटक्या काचेच्या तुकड्यांनी काम भागवले. काचेची धार उत्तम असते, पण ती लवकर बोथट होते आणि बोटांना धोका राहतो. मग मोडीत निघालेल्या हातकरवतीच्या पोलादाची आयताकृती पाती आम्ही कापून घेतली. पात्याची कड कानशीने काटकोनात करायची, दगडावर घासून गुळगुळीत करायची आणि मग पेचकसाच्या कडक दांडीने दाबून घासत ती बाजूला मुडपायची. त्या कडेवर जी बारीक बर, म्हणजे धातूची वळलेली कोर, उभी राहते, तीच लाकूड कापते. धार बरोबर असली की पात्याखालून कांद्याच्या सालीसारखे पातळ छिलके निघतात. नुसता भुसा पडू लागला की बर मोडली असे समजून पाते पुन्हा घासायला घ्यायचे. पॉवर हॅक्सॉची, म्हणजे धातू कापणाऱ्या यांत्रिक करवतीची, जुनी पातीही आम्ही वापरतो. ती इतकी कडक असतात की त्यांची बर मुडपणे अवघड जाते, पण ग्राइंडरवर घासलेली काटकोनी धारच पुरेशी पडते. बांबूच्या गोलाईसाठी काही पात्यांना अर्धगोल खाच दिली आहे. हातकरवतीचे पोलाद मात्र ग्राइंडरवर तापून निळे पडले की नरम होते, म्हणून ते वारंवार पाण्यात बुडवावे लागते.

एकाच दिशेने खरवडत राहिल्यास पृष्ठभागावर लाटा उमटतात. पाते थोडे तिरके धरले आणि फटकाऱ्याची दिशा बदलत राहिली की त्या येत नाहीत. थोडे खरवडायचे, दोरी चढवून धनुष्य अनेकदा अर्धवट ओढायचे आणि दोन्ही भुजांची वाक समोरून पाहायची. जिथे काठी ताठ राहिली आहे तिथेच पुन्हा पाते चालवायचे. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते आणि त्या अवस्थेत तोललेले धनुष्य पुढे कोरड्या हवेत वेगळे वागते, म्हणून हे अंतिम काम आम्ही शक्यतो दिवाळीनंतरच हाती घेतो.

सँडिंग मशीन घ्यावे असा सल्ला अनेकांनी दिला, पण काठी नेमकी कुठे ताठ आहे हे हाताखालचे पाते सांगते तसे मशीन सांगत नाही, असे माझे ठाम मत आहे. सध्या शाळकरी मुलांसाठी हलक्या ताणाची धनुष्ये आम्ही अधिक करतो. त्यांच्या काठ्या मुळातच सडपातळ असल्याने चुकीला वाव कमी राहतो. म्हणून हे काम नव्या मुलांकडे देण्यापूर्वी त्यांना आधी स्वतःचे पाते तयार करायला शिकवतो, आणि ज्याला बर नीट उभी करता येते त्याच्याच हाती काठी देतो.