मोटरहोमची निवड: ॲव्हरेजचं गणित कुठवर आलं

यादी आता आखूड झालीय. बसएवढी मोटरहोम, म्हणजे क्लास ए, सगळ्यात आधी बाद. पेट्रोलवरची ती धुडं लिटरला ३-४ किलोमीटरच्या पुढे क्वचितच जातात. उरले दोन प्रकार: डिझेल व्हॅनच्या मूळ बॉडीतच घर बसवलेली कँपर व्हॅन, आणि तशाच चासीवर मागे वेगळी खोली बांधून ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग काढलेली.

इंजिन दोन्हींत एकच असलं तरी पहिली ढोबळमानाने ९ ते ११ देते, दुसरी ७ ते ९. यात वजनाचा वाटा थोडा, खरी खाते ती कपाळाची रुंदी-उंची. व्हॅन साधारण २ मीटर रुंद, अडीच मीटर उंच, दुसरी २.३ रुंद आणि ३ मीटरच्या आसपास उंच. म्हणजे समोरची हवा कापायला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त क्षेत्रफळ. शिवाय हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून ११० वर गेलात की जवळपास १.९ पट. त्यामुळे कुणी ॲव्हरेज सांगितलं की मी आधी विचारतो, कितीच्या स्पीडला? उत्तर नसेल तर आकडा वहीत जात नाही.

वजन जाणवतं ते चढावर आणि थांबत-थांबत जाताना. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. मुक्कामी नळ असेल तर भरून नेण्यात अर्थ नाही.

मोजायचं टाकी फुल ते टाकी फुल. नोझल पहिल्यांदा टक् करून बंद झालं की थांबायचं, ओडोमीटर लिहायचा. डॅशबोर्डवरचा आकडा सहसा चढाच असतो. पण थंडीत हाही हिशोब फसवतो, कारण डिझेल हीटर बहुतेकदा मुख्य टाकीतूनच पितो. २ किलोवॅटचा हीटर तासाला साधारण ०.१ ते ०.२५ लिटर घेतो. रात्रभर चालला तर लिटर-दोन लिटर गेलं, आणि गाडी जागची हललेली नाही! हीटरच्या तासांना म्हणूनच वेगळा रकाना. (मोठ्या पेट्रोल गाड्यांत जनरेटरची इंधन ओढणारी नळी टाकीत मुद्दाम वर ठेवतात, साधारण पाव टाकी उरली की तो बंद पडतो. हुशारी आवडली.)

कल व्हॅनकडे आहे. अडतंय ते आडव्या पलंगापाशी: आतली रुंदी जेमतेम १.९ मीटर, त्यातून इन्सुलेशन आणि पॅनेल वजा. सहा फुटी माणसाचे पाय कुठे जाणार, हे टेप लावून बघितल्यावरच टेस्ट ड्राइव्ह. तीही एकाच रस्त्यावर, जाऊन-येऊन, ९० च्या स्थिर वेगाने.