लिलाव चालू असताना जोडलेली डिस्क

मृग बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरत होती तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका अडत्याचं काटा-पावतीचं सॉफ्टवेअर नागपुरातल्याच परसोडीतल्या आमच्या सर्व्हरवर, केव्हीएमच्या एका आभासी मशीनमध्ये (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला वेगळा संगणक) चालतं. भर दुपारी डेटाची जागा 96 टक्के भरल्याचा अलार्म आला. मशीन दहा मिनिटं बंद करू का, असं मालकांना विचारलं.

"दहा मिनिटं? भाऊ, काट्यावर गाड्या उभ्या हायेत ना! रात्री पाहा काय ते."

रात्रीपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. डेटा सांभाळणाऱ्या पोस्टग्रेसला वॅल, म्हणजे प्रत्येक बदलाची आधी करायची नोंद, लिहायला जागा उरली नाही की तो सरळ बंद पडतो. म्हणजे चालू मशीनलाच डिस्क जोडणं आलं.

सोबतच्या पोराला म्हटलं, नवी डिस्क 203 जीबीची बनव. "200च कर ना दादा, हिशोबाला सोपी." पण आधीची बॅकअपची डिस्क 200चीच होती. घाईत चुकीच्या डिस्कवर पीव्हीक्रिएट, म्हणजे डिस्क नव्यानं वापरायला तयार करणारी कमांड, चालवलं, तर रडायलाही वेळ मिळत नाही. आकडा विचित्र असला की यादीत डिस्क लगेच ओळखू येते.

डिस्क जोडायची कमांड, व्हर्श अटॅच-डिस्क मारलं, तर उत्तर आलं, 'नो मोअर अव्हेलेबल पीसीआय स्लॉट्स', म्हणजे जोडायला जागाच शिल्लक नाही. क्यू-35 प्रकारच्या आभासी मशीनमध्ये व्हर्टआयओ पद्धतीनं जोडलेली प्रत्येक डिस्क एक रूट पोर्ट (जोडणीची खाच) खाते, आणि चालू मशीनमध्ये नवा पोर्ट घालता येत नाही. पोरगा माझ्या तोंडाकडे पाहू लागला. नशिबानं बॅकअपची डिस्क व्हर्टआयओ-स्कझी नावाच्या कंट्रोलरवर होती. त्या कंट्रोलरवर ढिगानं डिस्क बसतात, वेगळा पोर्ट लागत नाही. बस, म्हणजे जोडणीचा मार्ग, बदलून पुन्हा जोडली, आणि एलएसबीएलकेमध्ये, म्हणजे डिस्कच्या यादीत, एसडीबी नावानं दिसली, 203 जीबी!

पुढचं काम किरकोळ. व्हीजीएक्स्टेंडनं नवी डिस्क व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे डिस्कच्या एकत्र साठ्यात घेतली, मग आर लावून एलव्हीएक्स्टेंडनं डेटाची जागा आणि तिच्यावरची फाइलसिस्टम वाढवली. आमची फाइलसिस्टम एक्सएफएस, ती माउंट, म्हणजे वापरात असतानाच वाढते. मात्र वाढवलेली परत आवळता येत नाही, म्हणून मी कधीच सगळी जागा एकदम देत नाही. डीएफमधला जागा भरल्याचा आकडा झपकन खाली आला. काट्यावर कुणाला पत्ताही नव्हता.

पोरगा चहाला निघाला, त्याला थांबवलं. "डम्पएक्सएमएल इनॅक्टिव्ह लावून पाहून घे, मशीन बंद होऊन उठल्यावर काय राहील ते." नवी डिस्क तिथं नव्हतीच, त्यानं नुसतं लाइव्ह (चालू मशीनपुरतं) दिलं होतं, कॉन्फिग (कायमची नोंद) नाही. कधी मशीन पूर्ण बंद होऊन उठलं असतं, तर डिस्क गायब, व्हॉल्यूम ग्रुप अर्धा आणि डेटा माउंटच नाही. तीच डिस्क कॉन्फिगमध्येही टाकून घेतली.

जागा खात होता तो डीबग लॉग, म्हणजे चुका शोधायला ठेवलेली बारीकसारीक नोंद. सॉफ्टवेअरवाल्यांनी कधीतरी चालू करून तसाच सोडलेला.