राग ओळखता येत नाही, मग गाणे कसे ऐकावे?

शास्त्रीय गाण्याचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते, की आम्हाला राग ओळखता येत नाही, तर ऐकायला शिकायचे कुठून? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सांगतो. रागाचे नाव उशिरा कळले तरी काही बिघडत नाही. पहिल्या पाच मिनिटांत नाव सापडले की अनेकांचे ऐकणे तिथेच थांबते, आणि नाही सापडले तर मन त्याच शोधात अडकून पडते. दोन्ही वेळा गाणे बाजूलाच राहते.

सुरुवात समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून (ठोक्यापासून) करावी. ख्याल (रागाचा विस्तार करत गायचा प्रकार) विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात असेल, तर १२ मात्रांचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पुरे व्हायला पाऊण मिनिट सहज जाते, आणि एवढ्या पल्ल्यात आपण कुठे आहोत हेच नवख्या श्रोत्याला उमगत नाही. अशा वेळी तबल्याकडे कान द्यावा. ठेक्यात, म्हणजे तालाच्या ठरलेल्या बोलांत, ‘तिरकिट’ दोनदा येते, चौथ्या मात्रेवर आणि दहाव्या मात्रेवर. दुसरे वाजून गेले की ‘धी ना’ एवढेच उरते, आणि त्याच सुमारास गायक आलाप आवरता घेऊन बंदिशीचा, म्हणजे बांधलेल्या गीताचा, मुखडा (सुरुवातीचा तुकडा) उचलतो व समेवर येतो. हे एकदा कानात बसले, की सम जवळ आलेली असतानाही त्याने आणखी एक स्वरवाक्य कसे सामावून घेतले, हे कळू लागते. मग समेला मान आपोआप हलते, आणि ती दाद मला फार मोलाची वाटते, कारण ती उसनी आणता येत नाही.

त्यानंतर एकच राग धरून बसावे. मी भूप सुचवतो. सा, रे, ग, प, ध एवढे पाचच स्वर, सगळे शुद्ध. किशोरीताई आमोणकरांचे ‘प्रथम सूर साधे’ आणि त्याला जोडून येणारे ‘सहेला रे’ पुन्हा पुन्हा ऐकावे, आणि आवाज कुठे विसावतो एवढेच पाहावे. तो गंधारावर, म्हणजे ‘ग’वर विसावतो. वर धैवतापर्यंत (‘ध’पर्यंत) जाऊन आला तरी त्याची ओढ गंधाराकडेच असते. भूप सायंकाळचा राग. आता सकाळी देशकार लावावा. स्वर अगदी तेच पाच, पण इथे वादी, म्हणजे रागातला सर्वांत महत्त्वाचा स्वर, धैवत, गाण्याचा मुक्काम सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, आणि भूपात मोकळेपणाने वावरणारा रिषभ (रे) इथे दुबळा, जेमतेम स्पर्शापुरता. त्याच पाच स्वरांतून संध्याकाळची शांतता आणि सकाळची टवटवी अशी दोन निराळी व्यक्तिमत्त्वे उभी राहतात, हे पुस्तकात वाचून पटत नाही. दोन्ही राग लागोपाठ ऐकले की कान स्वतःच निवाडा देतो. माझ्या मते राग म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले स्पष्टीकरण नाही.

दर वेळी नवे ध्वनिमुद्रण शोधण्याचा मोह मात्र या काळात आवरावा. भूप आणि देशकार हे दोन्ही अंगवळणी पडले, की मारवा, पूरिया आणि सोहनी हे त्रिकूट घ्यावे. तिन्हींत कोमल (उतरलेला) रिषभ आणि तीव्र (चढलेला) मध्यम, म्हणजे ‘म’ आहे, पंचम (प) नाही. पण मारवा रिषभ-धैवतावर अस्वस्थ उभा राहतो, पूरिया मंद्रात (खालच्या सप्तकात) उतरून निषाद-गंधारात (नी-ग) रमतो आणि सोहनी तार षड्जाभोवती, म्हणजे वरच्या ‘सा’भोवती घुटमळते.