गावाकडचं नेमकं काय उपयोगी पडतं?

घणसोलीच्या सोसायटीत गावाकडच्या वाढण्याचे आभार मानणारी बरीच मंडळी आहेत. त्यांना हमखास विचारलं जातं, ‘आभार कशाचे? उपयोग काय झाला त्याचा?’ विचारणाऱ्याला विहीर, आंबे, अंगणातली झोप असं काही ऐकायचं असतं. आमचं उत्तर जरा कोरडं आहे. आगोट भरायला शिकलो, त्याचे.

आगोट म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. नवी मुंबई 95 गावांच्या जमिनीवर उभी राहिली, त्यामुळे इथल्या आगरी-कोळी घरांत हा शब्द अजून चालतो. दुकान खाली असताना कशाला भरायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण महिन्याचं सामान भरणाऱ्यालाही जुलैतली खाडीची दमट हवा सोडत नाही.

सगळी मेख सुकवण्यात आहे. मे महिन्यात कडवे वाल, मूग, चवळी गच्चीवर चादरीवर पातळ पसरून दोन-तीन कडक उन्हं द्यायची. सुकलं की नाही ते दात सांगतो. वाल दाढेखाली धरून दाबायचा: कट् करून तुटला तर झालं, दात रुतला तर अजून एक ऊन. तांदळाला मात्र ऊन दाखवायचं नाही. त्याला चिरा जातात आणि शिजवताना कणी होते. तो सावलीत, पंख्याखाली पसरायचा.

इथवर सगळे नीट करतात. चूक पुढे होते. उन्हातून आणलेले वाल गरम असतानाच डब्यात जातात, झाकणाच्या आत वाफ धरते, थेंब खाली पडतात आणि वरच्या थराला बुरशी येते. उलट रात्रभर उघडे ठेवले तर हवेतला ओलावा परत ओढून घेतात. तास-दोन तास सावलीत निववून दिवस मावळायच्या आत डबा बंद करायचा.

वालावर बारीक पांढरे ठिपके दिसले तर ती भुंगेऱ्याची अंडी. ती दाण्यावर बाहेरून चिकटवलेली असतात, म्हणून किलोला एक छोटा चमचा गोडंतेल हाताने चोळलं की गुदमरतात. जास्त तेल घातलंत तर महिन्याभरात खवट वास येईल. आत शिरलेल्या अळीला तेल काही करत नाही. गावात चुलीची चाळलेली राख लावत. फ्लॅटमध्ये ती मिळणार नाही, आणि अगरबत्तीची चालत नाही, हे सांगावं लागतं!

तांदळाचा टोका वेगळा. तो दाण्याला भोक पाडून आतच अंडं घालतो, म्हणजे बऱ्याचदा दुकानातूनच घरी येतो. गावी हा त्रास कमी, कारण कणगीत भात टरफलासकट असे आणि लागेल तसं भरडून आणत. टरफल हेच त्याचं चिलखत. आपण सोललेला तांदूळ घेतो, म्हणून तो एकदम पोतंभर घेऊ नये, महिन्या-दीड महिन्यापुरता घ्यावा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कुरकुरीत वाळवून. ओला घातलात तर ओलावा तुम्हीच आत सोडलात. बोरिक पावडर आम्ही लावत नाही. ती धुऊन सगळी जाते याची खात्री कोण देणार?

सुकं मासळीचं सामान 1 जूनच्या आत. त्या दिवसापासून 31 जुलैपर्यंत समुद्रातली यांत्रिकी मासेमारी बंद असते. जवळा आधी चाळायचा, वाळू निघते. मग मंद तव्यावर कोरडा भाजून, निववून काचेच्या बरणीत.

ते दिवस साधे होते कारण घरात पैसे नव्हते. त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. धान्याला हात लावून कळतं, एवढंच त्यातलं कामाचं.

हात कसा लावायचा तेही सांगतो. पंधरा दिवसांनी तांदळाचा पिंप उघडा आणि कोपरापर्यंत हात आत घाला. मधला थर कोमट लागला तर किडा लागलाय, वर एकही दिसत नसला तरी. पिंप त्याच दिवशी चादरीवर रिकामा करा. पातळ पसरलात की थोड्या वेळात टोके कडेकडेने चालू लागतात.