गाडी रिझर्व्हला लागली की

नवी मोटरसायकल दारात उभी राहिली, हार घातला, नारळ फुटला, की शेजारचे काका पेढा तोंडात टाकता टाकता विचारतात, "अ‍ॅव्हरेज काय देते?" रंग, किंमत, हप्ता हे सगळं नंतर. लांबच्या प्रवासाला मात्र नुसत्या अ‍ॅव्हरेजने भागत नाही, त्याला टाकीने गुणावं लागतं. हा गुणाकार केला की भलतेच लोक श्रीमंत निघतात. स्प्लेंडरची टाकी 9.8 लिटरची. साठचं अ‍ॅव्हरेज धरलं तरी एका टाकीत साडेपाचशेच्या वर. म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकातून निघून पुण्याला जाऊन यायचं आणि उरलेल्यात कसारा उतरून ठाणं गाठायचं. गिरणाऱ्याहून रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून शहरात येणाऱ्या गवळ्याला ठाऊकही नसतं, की त्याच्या बुडाखाली लडाखला जायच्या लायकीची रेंज आहे.

लडाखला निघालाय तो माझा गंगापूर रोडवरचा मित्र. त्याच्याकडे जुनी हिमालयन, 15 लिटरची टाकी. तीस म्हटलं तर साडेचारशे किलोमीटर. गाडीवर सामान, घाटातला पहिला-दुसरा गिअर आणि वरची विरळ हवा धरून पंचवीसवर आलो, तर पावणेचारशे. आणि मनालीहून लेहला जाताना तांडीच्या पंपावरची ती प्रसिद्ध पाटी सांगत आली आहे, की पुढचा पंप 365 किलोमीटरवर. दहा किलोमीटरच्या फरकावर कुणी लेहला जात नाही. म्हणून त्याने टाकीच्या दोन्ही अंगांच्या लोखंडी चौकटीत पेट्रोलचे दोन कॅन बसवले. कॅन इतके देखणे, की कॉलेज रोडवर कॉफी प्यायलाही तो ते लावूनच येतो.

कॅनबद्दल त्याला दोनच गोष्टी बोललो. एक, वजन. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असलं तरी दहा लिटरचे साडेसात किलो होतातच, आणि ते मागच्या कॅरिअरच्या टोकाला बांधले की वळणावर गाडीचं तोंड हलकं होतं. पुढे आणि खाली बांधलेले बरे. दोन, प्लॅस्टिकच्या बाटल्या अजिबात नकोत. 1934 चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना जवळ ठेवू देतो, पण घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात. काच किंवा चिनीमाती असेल तर एका लिटरपर्यंतच. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नेणारे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत, कायद्याच्या यादीत ती बाटली नाही.

रेंज वाढवायचा जुना, फुकटचा आणि माझ्या मते सर्वांत सुंदर उपाय म्हणजे रिझर्व्ह. वेगळी टाकी वगैरे काही नसते. टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीत, म्हणजे कॉकच्या आत, दोन तोंडं असतात, एक उंच नळीचं आणि एक तळाशी. पेट्रोल नळीच्या खाली गेलं की इंजिन आचके देतं. पेठ रोडला सावळघाटाच्या चढावर गाडीने असा पहिला आचका दिला की डावा हात आपोआप मांडीखाली जायचा. नजर रस्त्यावर, बोटं चाचपत, तेलकट धुळीने माखलेला तो छोटा खटका सापडायचा. टक्कन फिरवला, की दोन-तीन सेकंद गाडी मुकी आणि मग पुन्हा पूर्ववत. मागे बसलेल्याला पत्ताही लागायचा नाही. गाडी "रिझर्व्हला लागली" हे तुम्हाला हाताने कळायचं आणि पुढे किती जाईल हे अनुभवाने.

रिझर्व्हही संपलं तर? टाकी गाडीच्या सांगाड्याच्या मधल्या नळीवर खोगिरासारखी बसलेली असते, त्यामुळे कॉक नसलेल्या बाजूला घोटभर पेट्रोल अडकून राहतं. गाडी कॉकच्या बाजूला चांगली आडवी करायची, आतून डुबुक आवाज आला की उभी करून किक. तेवढ्यावर गाव गाठता येतं. आणि टाकीत पेट्रोल असूनही गाडी थांबली तर झाकण उघडून बघावं. झाकणातलं हवेचं भोक चिखलाने बुजलेलं असतं, आत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल उतरत नाही. उघडताना फुस्स आवाज आला की निदान पक्कं.

एप्रिल 2020 मध्ये बीएस सिक्स, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आलं आणि जवळपास सगळ्याच गाड्यांतून कार्बोरेटरबरोबर कॉकही गेला. आता टाकीतच पंप असतो आणि त्याला थंड ठेवतं ते आजूबाजूचं पेट्रोलच, म्हणून टाकी कोरडी पडेपर्यंत चालवणं त्याला मानवत नाही. मीटरवर एक दांडी लुकलुकत राहते. कॉक सांगायचा आणि उपायही द्यायचा. ही दांडी नुसती घोर लावते.

खरं तर मूठ थोडी सैल सोडली तरी पुष्कळ काम होतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पन्नासऐवजी ऐंशीने निघालात तर तो अडीच पट. पण हे मित्राला सांगून उपयोग नाही, साठने लडाखला जायचं तर त्याने मिशी कशाला वाढवली?

अमेरिकेत आयर्न बट नावाची संघटना आहे. 24 तासांत 1000 मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर चालवलं की प्रमाणपत्र देते. त्यांची लांब पल्ल्याची मंडळी जादा टाक्या बसवतात, आणि शर्यतीत एकूण इंधनाला 11.5 गॅलनची, सुमारे 43 लिटरची मर्यादा आहे. 43 लिटर! आमची अडचण वेगळी. मुंबईकडे निघालो की घोटीला चहा, घाट उतरल्यावर वडापाव, शहापूरला पाय मोकळे करणं. गाडीची रेंज साडेपाचशे आणि स्वाराची जेमतेम पन्नास. जादा टाकी बसवली तरी ही पन्नास काही हलत नाही. त्यातून समृद्धीवर दुचाकीला बंदी, त्यामुळे न थांबता सुसाट जायची हौस असली तरी भागवायची कुठे?

मित्र जाण्याआधी मुंबई नाक्याच्या पंपावर टाकी फुल करायला गेलो. नोझल टक्कन बंद झालं तरी पोऱ्याने आणखी दोनदा दाबलं. उन्हात टाकी तापली, वीसेक अंश चढली, की पंधरा लिटर पेट्रोल पाव लिटरभर फुगतं. जमिनीखालच्या गार टाकीतून काठोकाठ भरायचं आणि उन्हात उभी करायची, की जादाचं खाली टपकणार. हे मी पोऱ्याला समजावत होतो, तेवढ्यात मागच्या रांगेतून हॉर्न वाजले. त्याने नम्रपणे ऐकून घेतलं, मीटरकडे पाहिलं आणि म्हणाला, "चौदाशे ब्याऐंशी झालेत काका. राउंड फिगर करू?" मी नको म्हणायच्या आत मित्र म्हणाला, "कर."